विकतचे ऊन

'उन्हाने रापलेला चेहरा' हे शब्द वाचले की आपल्या डोळ्यांपुढे शेतकरी येतो, कोळी येतो, रस्त्याच्या कडेला खडी फोडणारा मजूर येतो. रापणे ही आपल्याकडे कष्टाची खूण मानली जाते. हौसेने कोणी रापून घेत नाही. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील माणसे पैसे मोजून विजेच्या नळ्यांच्या पेटीत दहा-पंधरा मिनिटे उघड्या अंगाने पडून राहतात, आणि तेही केवळ रापण्यासाठी, हे ऐकले की प्रथम हसू येते.

या पेटीला 'सनबेड' म्हणतात आणि ती जिथे भाड्याने मिळते त्या दुकानाला 'सोलॅरियम' किंवा 'टॅनिंग सलून'. फ्रान्समधील लियाँ येथे जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आहे. कशामुळे कर्करोग होतो आणि कशामुळे होत नाही, याचा पुरावा तपासून ती पदार्थांचे व सवयींचे गट पाडते. २००९ मध्ये या संस्थेने सनबेडला पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी अशा पेटीत जाऊन पडण्याचा संभव कमी आहे. तरीही शिक्षकांनी हा विषय समजून घ्यावा, याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे प्रकाश, पेशी आणि डीएनए हे आपण निरनिराळ्या प्रकरणांत शिकवत असलेले विषय इथे एकत्र येतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. 'अमुक गोष्टीमुळे कर्करोग होतो' अशा बातम्या आपण रोज वाचतो. असा निष्कर्ष शास्त्रज्ञ कशाच्या आधारे काढतात आणि त्यातील टक्केवारीचा अर्थ काय, हे या उदाहरणावरून चांगले शिकवता येते.

गोऱ्या कातडीकडून रापलेल्या कातडीकडे

युरोपातही पूर्वी रापणे प्रतिष्ठेचे नव्हते. शेतात राबणारे रापत आणि सुखवस्तू लोक छत्री-टोपी घेऊन आपला गोरेपणा जपत. औद्योगिक क्रांतीनंतर हे चित्र पालटले. मजूर गिरण्यांत आणि खाणींत गेले. सूर्य न दिसणारी त्यांची मुले फिकट पडली, त्यांना मुडदूस होऊ लागला. उन्हात हिंडायला फुरसत आणि पैसा असणे ही आता श्रीमंतीची खूण झाली.

याच काळात वैद्यकानेही उन्हाची बाजू घेतली. योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ मध्ये वर्णपटात जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, सिल्व्हर क्लोराइड अधिक वेगाने काळे पडते असे दाखवून दिले होते. हेच अतिनील किरण. डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांनी अशा प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करण्याची पद्धत शोधली. त्याबद्दल त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्लिनचे डॉ. कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश टाकून त्यांची हाडे सुधारतात हे सिद्ध केले. ऊन म्हणजे औषध, ही समजूत अशा रीतीने रुजली आणि तिला आधारही होता. पुढे समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीची फॅशन आली आणि रापलेली कातडी आरोग्याची, तारुण्याची जाहिरात बनली.

प्रश्न उरला तो उत्तरेकडच्या लांब हिवाळ्याचा. त्यावर १९७० च्या दशकात जर्मनीत तोडगा निघाला. अंगाखाली व अंगावर नळ्या असलेला सनबेड तिथे बाजारात आला, आणि त्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत पोहोचला.

ट्यूबलाइटचा भाऊबंद

सनबेडची रचना समजायला फार लांब जायला नको. एलईडी दिवे येण्यापूर्वी वर्गावर्गात असलेली ट्यूबलाइट आठवा. काचेच्या नळीत अगदी कमी दाबाखाली पाऱ्याची वाफ असते. वीजप्रवाह गेला की पाऱ्याचे अणू उद्दीपित होतात आणि मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण बाहेर टाकतात. नळीच्या आतून लावलेली पांढरी भुकटी हे किरण शोषून घेते आणि दृश्य प्रकाश देते. भुकटी बदलली की बाहेर पडणारा प्रकाशही बदलतो. सनबेडच्या नळीतील भुकटी दृश्य प्रकाशाऐवजी मुख्यतः ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे किरण देते, आणि नळीची काच ते अडवत नाही. अशा डझनावारी नळ्या माणसाच्या अंगापासून वीतभर अंतरावर असतात.

अतिनील किरणांचे तीन पट्टे मानले आहेत. १०० ते २८० नॅनोमीटरचा 'सी' पट्टा सर्वांत घातक आहे, पण वातावरणातील ऑक्सिजन व ओझोन तो पूर्णपणे अडवतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरचा 'बी' पट्टा बराचसा अडवला जातो. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा 'ए' पट्टा जवळजवळ तसाच जमिनीवर येतो. उन्हात कातडी लाल होऊन सोलवटते ती मुख्यतः 'बी' मुळे.

सनबेडच्या कारखानदारांनी यातून एक तर्क काढला. 'बी' भाजतो, 'ए' भाजत नाही; तेव्हा 'बी' कमी आणि 'ए' जास्त ठेवला की रापणेही होईल आणि इजाही होणार नाही. 'सुरक्षित रापणे' अशी जाहिरात याच तर्कावर उभी राहिली. आजच्या सनबेडमधून येणाऱ्या अतिनील किरणांत 'बी' चा वाटा काही टक्केच असतो. पण 'ए' ची तीव्रता किती? शक्तिशाली सनबेडमध्ये ती भूमध्य समुद्राकाठच्या भर दुपारच्या उन्हातल्यापेक्षा १० ते १५ पट असू शकते. निसर्गात कोणत्याही माणसाच्या त्वचेला 'ए' किरणांचा इतका मारा कधीच सोसावा लागत नाही. शिवाय भाजण्याची वेदना ही 'आता सावलीत जा' अशी सूचना असते. ती सूचनाच इथे बंद केलेली असते.

रापताना त्वचेत काय घडते?

बाह्यत्वचेच्या तळाशी रंजकपेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करून शेजारच्या त्वचापेशींना पुरवतात, आणि त्या पेशी ते आपल्या केंद्रकावर छत्रीसारखे धरतात. हे पाठ्यपुस्तकातही असते. पण मेलॅनिन वाढवण्याचा हुकूम कोण देतो, याचे उत्तर बऱ्याच उशिरा मिळाले.

अतिनील किरण त्वचापेशीत शिरतात तेव्हा 'बी' किरण थेट डीएनएत शोषले जातात. डीएनएच्या साखळीत थायमिन किंवा सायटोसिन हे घटक शेजारी-शेजारी असतील, तर ते एकमेकांना चिकटतात आणि साखळीला गाठ बसते. 'ए' किरण थेट कमी शोषले जातात, पण ते खोलवर जातात आणि पेशीत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू निर्माण करून तेच काम आडवाटेने करतात. अशी इजा झाली की पेशीतील पी-५३ नावाचे प्रथिन जागे होते. हे प्रथिन एरवी कर्करोगाविरुद्धचा पहारेकरी म्हणून ओळखले जाते. २००७ मध्ये असे दाखवण्यात आले की हाच पहारेकरी एका मोठ्या प्रथिनाच्या निर्मितीचा हुकूम सोडतो. त्या प्रथिनाचे तुकडे होतात. त्यातला एक तुकडा हे संप्रेरक असते. ते रंजकपेशींपर्यंत पोहोचते आणि मेलॅनिनचे उत्पादन वाढते.

याचा अर्थ शिक्षकांनी नीट लक्षात घ्यावा. मेलॅनिन वाढते ते डीएनएला इजा झाल्याची वर्दी मिळाल्यावर. आधी आग लागते, मग बंब येतो. रापलेली कातडी हा येऊन गेलेला बंब आहे. म्हणून 'इजा न होता रापणे' ही कल्पनाच मुळात विसंगत आहे. 'ए' किरणांनी लगेच येणारा काळेपणा तर बराचसा आधीच असलेल्या मेलॅनिनचे रासायनिक रूप व जागा बदलल्याने येतो. त्याने नवे संरक्षण फारसे मिळत नाही. 'सुट्टीला जाण्याआधी थोडे रापून घ्या, म्हणजे ऊन बाधणार नाही' असा सल्ला सलूनमध्ये दिला जातो. रापण्याने मिळणारे संरक्षण फार तर तीन-चार पट असते. साधा सुती सदराही याहून जास्त देतो.

त्याच मोठ्या प्रथिनाचा दुसरा तुकडा म्हणजे बीटा-एंडॉर्फिन, शरीरातील अफूसारखे द्रव्य. २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले की रोज अतिनील प्रकाश दिल्यावर हे द्रव्य रक्तात वाढते, आणि त्याचा परिणाम औषधाने रोखला की व्यसन सुटताना दिसतात तशी लक्षणे उंदरांत दिसतात. सनबेडला जाणारे काही जण 'सोडवत नाही' असे का म्हणतात, याचा एक धागा इथे असू शकेल.

पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा असते. विकरे गाठ बसलेला तुकडा कापून काढतात आणि समोरच्या साखळीवरून नवा तुकडा भरतात. बहुतेक गाठी अशा निस्तरल्या जातात. पण दुरुस्तीपूर्वीच पेशीचे विभाजन झाले, तर सायटोसिनच्या जागी थायमिन लिहिले जाते आणि चूक कायमची होते. हे उत्परिवर्तन अतिनील किरणांच्या बोटांच्या ठशासारखे आहे. २०१० च्या सुरुवातीला मेलॅनोमाच्या एका अर्बुदाचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. त्यात ३३ हजारांहून अधिक ठिकाणी एक अक्षर बदललेले आढळले आणि बहुतेक बदल याच ठशाचे होते.

तीन प्रकारचे कर्करोग

त्वचेचे मुख्य कर्करोग तीन. तळपेशींचा आणि पट्टकीपेशींचा, हे दोन गोऱ्या लोकांत फार मोठ्या प्रमाणावर आढळतात, पण वेळेवर कापून काढले तर बहुधा जिवावर बेतत नाही. तिसरा मेलॅनोमा. तो रंजकपेशींपासून होतो. त्याचे प्रमाण कमी असले तरी तो शरीरभर लवकर पसरतो. २०२० मध्ये जगात मेलॅनोमाचे सुमारे ३ लाख २५ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ५७ हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे.

पुरावा कसा गोळा केला?

प्रयोगशाळेत यंत्रणा समजली म्हणजे समाजात खरोखर रोग वाढतो, हे आपोआप सिद्ध होत नाही. त्यासाठी माणसांची पाहणी लागते. आदर्श प्रयोग म्हणजे चिठ्ठ्या टाकून हजार तरुणांना सनबेडवर पाठवणे, हजारांना न पाठवणे आणि वीस वर्षे थांबणे. तो उघडच करता येत नाही. म्हणून आडमार्गाने जावे लागते. हे मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग रुग्ण आणि निरोगी यांच्या तुलनेचा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झालेली अशी एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. मेलॅनोमाचे १,१६७ रुग्ण आणि त्याच वयाचे, त्याच राज्यातील १,१०१ निरोगी लोक यांना पूर्वायुष्यातील सनबेडच्या वापराबद्दल विचारले. रुग्णांपैकी ६२.९ टक्के आणि निरोगी लोकांपैकी ५१.१ टक्के सनबेडवर गेलेले होते.

हे गणित वर्गात फळ्यावर करता येईल. रुग्णांत 'गेलेले' आणि 'न गेलेले' यांचे गुणोत्तर ६२.९ भागिले ३७.१, म्हणजे सुमारे १.७०. निरोगी लोकांत ५१.१ भागिले ४८.९, म्हणजे सुमारे १.०५. पहिल्याला दुसऱ्याने भागले की १.६२ येतात. केसांचा रंग, त्वचेचा रंग, तीळ, उन्हातील वावर, पूर्वी भाजलेले प्रसंग हे सारे लक्षात घेऊन संशोधकांनी दुरुस्ती केली, तेव्हा आकडा १.७४ झाला. सनबेडचा दोष हा खरे तर समुद्रकिनाऱ्याचा दोष असता, तर उन्हाचा हिशेब केल्यावर आकडा एकाच्या जवळ यायला हवा होता. तो आला नाही. शिवाय जितके तास आणि जितक्या वेळा वापर, तितका धोका अधिक, असा क्रमही दिसला.

या मार्गात एक कच्चा दुवा आहे. ज्याला कर्करोग झाला, तो 'मी काय केले होते?' हे अधिक खोदून आठवतो. दुसरा मार्ग ही उणीव भरून काढतो. नॉर्वे आणि स्वीडनमधील १,०६,३७९ स्त्रियांना १९९१-९२ मध्ये, म्हणजे रोग होण्याआधीच, त्यांच्या सवयी विचारून ठेवल्या आणि मग वर्षानुवर्षे कोणाला मेलॅनोमा होतो याची नोंद ठेवली. आयुष्याच्या १० ते ३९ वर्षांच्या टप्प्यात कधी तरी महिन्यातून एकदा किंवा अधिक वेळा सनबेड वापरणाऱ्यांत मेलॅनोमाचे प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांनी जास्त निघाले. हा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आइसलंडमधील साथ

तिसरा मार्ग म्हणजे एखाद्या देशात नकळत घडून गेलेला प्रयोग शोधणे. आइसलंड हा असा देश आहे.

आइसलंडची राजधानी रेक्याविक ६४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथला सूर्य किती मंद, हे एका गणिताने कळेल. मीटरभर उंचीची काठी उभी करा. २१-२२ डिसेंबरला मध्यान्ही मुंबईत, १९ अंश अक्षांशावर, सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७.५ अंश वर असतो आणि काठीची सावली सुमारे ९१ सेंटिमीटर पडते. त्याच दिवशी रेक्याविकला सूर्य जेमतेम अडीच अंश वर येतो आणि सावली २२ मीटर लांब पडते. जून महिन्यातील सर्वांत मोठ्या दिवशी तिथे मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४९.५ अंशांवर असतो. म्हणजे आइसलंडचा ऐन उन्हाळ्यातील सूर्य मुंबईच्या ऐन हिवाळ्यातील सूर्याच्या जवळपास बरोबरीचा! सूर्य खाली असला की किरणांना ओझोनचा जाड थर तिरपा ओलांडावा लागतो आणि 'बी' किरण फारसे पोहोचत नाहीत.

अशा देशात १९८५ नंतर सनबेडचा प्रसार झपाट्याने झाला, आणि तोही मुख्यतः तरुण मुलींत. २००० पर्यंत तिथला वापर स्वीडनच्या सुमारे दुप्पट आणि ब्रिटनच्या सुमारे तिप्पट झाला होता. आइसलंडमध्ये कर्करोगाच्या नोंदी १९५० च्या दशकापासून काळजीपूर्वक ठेवल्या आहेत. त्या नोंदींचा १९५४ ते २००६ पर्यंतचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांत धडावरील, म्हणजे छाती, पोट व पाठ यांवरील मेलॅनोमा १९९५ पर्यंत हळूहळू वाढत होता. १९९५ ते २००२ या काळात तो दर वर्षी सुमारे २० टक्क्यांनी वाढला. या गतीने कोणतीही संख्या चार वर्षांत दुप्पट होते. वाढ मुख्यतः पन्नाशीच्या आतील स्त्रियांत होती.

आता इथे तर्क कसा चालतो ते पाहू. परदेशातील उन्हाळी सहली याला कारण असाव्यात काय? पण तशा सहली वयस्क लोक अधिक करत होते, आणि रोग तरुणींत वाढला. डॉक्टर अधिक जागरूक झाल्याने जास्त रुग्ण सापडले असतील काय? मग वाढ सर्व वयांत आणि शरीराच्या सर्व भागांवर सारखी दिसायला हवी होती. इथे ती धडावर एकवटली होती. गोऱ्या स्त्रियांत मेलॅनोमा एरवी पायांवर अधिक दिसतो, कारण ऊन पायांवर पडते. धडावर किरण पडतात ते कपडे उतरवून पेटीत झोपल्यावर. वापराची लाट आणि रोगाची लाट यांत सुमारे दहा वर्षांचे अंतर होते. पुढे सनबेडविरुद्ध प्रचार झाला, वापर घटला आणि २००२ नंतर रोगाची ती लाटही ओसरू लागली. यातला प्रत्येक दुवा एकटा घेतला तर तो निर्णायक नाही. सगळे एकाच दिशेने बोट दाखवतात, म्हणून निष्कर्षाला वजन येते.

टक्केवारी वाचताना

२०१२ मध्ये २७ पाहण्या एकत्र करून काढलेले उत्तर असे होते: कधी तरी सनबेड वापरणाऱ्यांत मेलॅनोमाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी अधिक, आणि ३५ वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्यांत सुमारे ५९ टक्क्यांनी अधिक. इतर दोन कर्करोगांपैकी पट्टकीपेशींच्या कर्करोगाचा धोका सुमारे ६७ टक्क्यांनी आणि तळपेशींच्या कर्करोगाचा सुमारे २९ टक्क्यांनी जास्त आढळला.

'५९ टक्के अधिक' याचा अर्थ शंभरातल्या ५९ जणांना कर्करोग होतो, असा नाही. विद्यार्थी आणि कधी कधी वर्तमानपत्रेही हमखास ही गल्लत करतात. समजा, सनबेड न वापरणाऱ्या दहा हजारांपैकी एका ठरावीक काळात २० जणांना रोग होतो. मग लहान वयात वापर सुरू करणाऱ्या दहा हजारांत तो सुमारे ३२ जणांना होईल. एका व्यक्तीच्या दृष्टीने ही वाढ लहान वाटेल. पण अनेक देशांतील पाहण्या एकत्र केल्या तेव्हा प्रौढांपैकी सुमारे ३६ टक्के आणि विद्यापीठांतील विद्यार्थ्यांपैकी ५५ टक्के कधी ना कधी सनबेडवर गेलेले आढळले. लहान धोका कोट्यवधी लोकांनी पत्करला की बेरीज मोठी होते. युरोपातील १८ देशांत दर वर्षी मेलॅनोमाच्या सुमारे ६४ हजार नव्या रुग्णांपैकी सुमारे ३,४०० जणांचा रोग सनबेडमुळे, असा २०१२ चा हिशेब होता. म्हणजे बहुसंख्य रुग्णांचे कारण सनबेड नाही. पण हे ३,४०० जण असे, की ज्यांचा रोग नुसती एक हौस टाळून टळला असता.

पहिल्या गटाबद्दलही असाच खुलासा हवा. कर्करोग संशोधन संस्थेचे गट पुराव्याची खात्री सांगतात, धोक्याचा आकार सांगत नाहीत. सनबेड आणि तंबाखू एकाच गटात आहेत, याचा अर्थ दोन्हींमुळे कर्करोग होतो हे सारख्याच खात्रीने म्हणता येते, एवढाच. तंबाखूचे बळी कितीतरी अधिक आहेत.

काही आक्षेप

सनबेडच्या बाजूने सर्वांत जास्त मांडला जाणारा मुद्दा ड जीवनसत्त्वाचा. ते त्वचेत तयार होते हे खरे, पण ते 'बी' किरणांनी होते. 'ए' किरणांची पेटी त्यासाठी गैरसोयीचे साधन आहे. उत्तरेकडील देशांत ही उणीव आहारातून आणि गोळ्यांतून भरता येते. आइसलंडमध्ये तर कॉड माशाच्या यकृताचे तेल घेण्याची जुनी रीतच आहे. अमेरिकेतील सलूनचालकांच्या संघटनेने 'रापणे निर्धोक आहे' अशा जाहिराती केल्या, तेव्हा तिथल्या संघीय व्यापार आयोगाने २०१० मध्ये दिशाभूल केल्याचा ठपका ठेवून त्या थांबवायला लावल्या.

दुसरा आक्षेप असा की हा सारा पुरावा पाहण्यांचा आहे, प्रयोगाचा नाही. हा आक्षेप काही संशोधकांनीही घेतला आहे आणि तो मुलांपुढे प्रामाणिकपणे ठेवावा. पण तंबाखूविरुद्धचा माणसांतील पुरावाही याच जातीचा होता. शिवाय आता पेशींचीही साक्ष मिळाली आहे. २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात सनबेड वापरणाऱ्यांच्या त्वचेतील एकेक रंजकपेशी वेगळी काढून तिचा डीएनए वाचण्यात आला. इतरांच्या तुलनेत तिच्यात उत्परिवर्तने जवळजवळ दुप्पट आढळली, आणि कमरेसारख्या एरवी ऊन न लागणाऱ्या भागातही ती आढळली.

कायदा काय करतो?

ब्राझीलने २००९ मध्ये सौंदर्यासाठी होणाऱ्या सनबेडच्या वापरावर संपूर्ण बंदी घातली. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये मेलबर्नची २६ वर्षांची एक तरुणी मेलॅनोमाने गेली. शेवटच्या दिवसांत तिने वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीवरून सोलॅरियमविरुद्ध बोलण्यात आपली उरलीसुरली शक्ती खर्च केली होती. आधी नियंत्रण आले, मग बहुतेक राज्यांत २०१५ च्या आरंभापासून आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१६ पासून व्यावसायिक सोलॅरियम बंद झाली. जर्मनीने २००९ मध्ये, इंग्लंड-वेल्स आणि आइसलंडने २०११ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मनाई केली. अमेरिकेत अशी मनाई करणारे पहिले राज्य कॅलिफोर्निया. तिथे ती २०१२ पासून लागू झाली. अमेरिकेच्या माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांत वापराचे प्रमाण २००९ मध्ये १५.६ टक्के होते, ते २०१५ मध्ये ७.३ टक्क्यांवर आले.

प्रौढांचे काय, यावर मतभेद आहेत. स्वतःच्या शरीराचे काय करावे हे ज्याचे त्याने ठरवावे, असे एक मत. त्यावर विचारण्याजोगा प्रश्न असा की बहुतेकांनी ही सवय कोणत्या वयात लावून घेतली, आणि त्या वेळी त्यांना खरी माहिती कोणी दिली होती?

आपला संबंध

आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्याने भारतात मेलॅनोमा दुर्मिळ आहे. जो होतो तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो आणि त्याचा उन्हाशी संबंध दिसत नाही. तळपायावरचा वाढता काळा डाग दुर्लक्षू नये, हे मात्र सांगायला हवे. आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञ कोड आणि सोरायसिससाठी अतिनील किरणांचे उपचार करतात. आयुर्वेदातील बावचीचे बी आणि ऊन हा कोडावरील उपाय त्याचाच पूर्वज म्हणता येईल. अशा उपचारात रोग असतो, मात्रा मोजलेली असते आणि फायदा-तोटा तोललेला असतो. त्याची गल्लत सनबेडशी करू नये. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना ही माहिती असणे मात्र बरे. २०१४ च्या सुमारास अमेरिकेतील १२५ नामवंत महाविद्यालयांची पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ निम्म्या ठिकाणी आवारात किंवा विद्यार्थ्यांच्या निवासांत सनबेडची सोय होती.

खरा संबंध याहून जवळचा आहे. तिकडे गोरी मुलगी सावळी होण्यासाठी पेटीत झोपते, इकडे सावळी मुलगी गोरी होण्यासाठी मलम चोळते. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे रुग्ण वाढलेले डॉक्टरांना दिसले. विचारपूस केली तेव्हा त्यांतील बहुतेकांनी त्वचा उजळवणारी मलमे वापरली होती, आणि संशय त्यांतील पाऱ्यावर गेला. दोन्हीकडे आपली कातडी आहे तशी बरी नाही, हे आधी कोणीतरी मनावर ठसवतो आणि मग उपाय विकतो.

वर्गात हा विषय घेताना मिनेसोटाचे गणित आणि काठीच्या सावलीचे गणित मुलांकडून करून घ्यावे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा अतिनील किरण जोरात आहेत असे समजावे, हा साधा नियम मैदानावर तपासता येतो. दर तासाला काठीची सावली मोजून तिची नोंद वर्षभर ठेवली, तर क्रीडास्पर्धा आणि कवायत कोणत्या वेळी घ्याव्यात याचा निर्णयही मुलेच आधारासह सांगू शकतील. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातील अतिनील दिवा मात्र उघडून दाखवू नये. तो 'सी' किरणांचा असतो आणि डोळ्यांना इजा करतो. आणि गणिते झाल्यावर मुलांना एक काम द्यावे: घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातील 'धोका अमुक टक्क्यांनी वाढतो' अशी एक बातमी कापून आणायची आणि कितींपैकी कितींना, कोणाशी तुलना करून, आणि हे कसे कळले, ही तीन उत्तरे तिच्यात आहेत का ते शोधायचे.